गरोदरपणातले दुर्मिळ आजार आणि बाळातले जन्मजात दोष : पुण्यातून सारखे येणारे प्रश्न

मी पुण्यात एनआयसीयूमध्ये, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या आयसीयूमध्ये, सिस्टर आहे. नात्यातल्या, सोसायटीतल्या, ओळखीच्या ओळखीतल्या बायका आणि त्यांचे नवरे रात्री-अपरात्री रिपोर्टचे फोटो पाठवतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढलंय. औषधाचा डोस, ऑपरेशन करायचं की नाही, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं ते तरी इथून घेऊन जा. आणि बाळ निळं पडलंय, दूध ओढत नाहीये, श्वास जोरात चाललाय किंवा आईला धाप लागलीये असं काही आत्ता चालू असेल तर हे वाचत बसू नका, १०८ ला फोन लावा.

१. स्कॅनमध्ये बाळाचा ओठ फाटलेला दिसतोय. सासूबाई म्हणतात ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं. खरंच माझं काही चुकलं का?

नाही. बाळाचा ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू त्यानंतर थोड्या दिवसांत. तेव्हा तर कित्येक जणींना दिवस गेलेत हेही नीट कळलेलं नसतं. पाचव्या महिन्यातल्या ग्रहणात तुम्ही सुरी हातात घेतली का नाही याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. उलट ग्रहण पाळायचं म्हणून गरोदर बाईला तासन् तास पाणीसुद्धा न देता अंधाऱ्या खोलीत बसवतात, ते मात्र वाईट, त्यात तिला शुगर असेल तर फारच.

शंभर बाळांमागे साधारण २ ते ३ बाळांमध्ये काही ना काही मोठा जन्मजात दोष असतो. कधी कारण जनुकात असतं, कधी आईची शुगर सुरुवातीच्या आठवड्यांत खूप वाढलेली असते, कधी फिटची किंवा मुरुमांची काही विशिष्ट औषधं, कधी रुबेलासारखं इन्फेक्शन, आणि बऱ्याचदा सगळ्या टेस्ट करूनही कारण सापडतच नाही. फाटलेला ओठ तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या आसपास शिवतात आणि टाळू साधारण ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान. सासूबाईंना पुढच्या व्हिजिटला सोबत न्या आणि हाच प्रश्न त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचारा. घरात शंभरदा सांगून जे पटत नाही ते ओपीडीत एकदा ऐकून पटतं, हे मी बघितलंय.

२. कोणता स्कॅन कधी करायचा? सगळे नॉर्मल आले म्हणजे बाळ ठीक ना?

एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागचं पाणी मोजणारी सोनोग्राफी, ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या काळातच, सोबत डबल मार्कर, म्हणजे डाऊन सिंड्रोमसारख्या दोषांचा धोका सांगणारी आईची रक्ततपासणी. अ‍ॅनॉमली स्कॅन (बाळाचे सगळे अवयव बघणारा) १८ ते २० आठवड्यांत, कायद्याच्या मुदतीमुळे हा उशिरा करू नका (प्रश्न ५ बघा). आईला आधीपासून डायबेटिस असेल, घरात कोणाला जन्मजात हृदयरोग असेल, आईला ल्युपससारखा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तसा) आजार असेल किंवा आधीच्या स्कॅनमध्ये शंका असेल तर फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, वेगळी करतात.

आता दुसरा भाग. नॉर्मल स्कॅन म्हणजे दिसण्यासारखं सगळं नीट दिसलं, एवढंच. ऐकू न येणं, मेटाबॉलिक आजार, नुसती टाळू फाटलेली असणं, हृदयातली काही छोटी भोकं, हे स्कॅनमध्ये सुटू शकतं, त्यात सोनोग्राफीवाल्याची चूक असतेच असं नाही. म्हणून जन्मानंतरच्या तपासण्या वेगळ्या असतात, त्या प्रश्न १२ मध्ये. मुलगा की मुलगी हे विचारू नका, १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

३. डबल मार्करमध्ये "हाय रिस्क १:१५०" आलंय. म्हणजे बाळाला डाऊन सिंड्रोम आहे का? आम्ही दोन दिवस जेवलो नाही.

आधी जेवा. १:१५० म्हणजे असा रिपोर्ट आलेल्या १५० जणींपैकी साधारण एकीच्या बाळाला तो असतो, १४९ जणींच्या नाही. ही चाळणी आहे, निदान नाही. पुढे एनआयपीटी म्हणजे आईच्याच रक्तावरची जास्त अचूक टेस्ट करता येते, पण तीही चाळणीच. पक्कं सांगते ती ११ ते १३ आठवड्यांत वारेतून तुकडा घेऊन केलेली सीव्हीएस नाहीतर १५-१६ आठवड्यांनंतर पाणी काढून केलेली अ‍ॅम्निओ. त्यात गर्भपाताचा धोका असतो, पण अनुभवी हातात शंभरात एकपेक्षा कमी. एनआयपीटीच्या रिपोर्टवर विसंबून थेट गर्भपाताचा निर्णय कृपा करून घेऊ नका, आधी सीव्हीएस किंवा अ‍ॅम्निओने खात्री करा.

४. बाळामध्ये दोष आहे हे कळलंय. पहिलं बाळंतपण, सातव्यात माहेरी अकलूजला जायचं ठरलंय. तिथे डिलिव्हरी करून बाळाला पुण्याला आणलं तर चालेल ना?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून थोडं जास्त लिहिते. काही दोषांमध्ये बाळाचा पहिला तासच सगळं ठरवतो, आणि तो तास अ‍ॅम्ब्युलन्समध्ये गेला तर पुढे कितीही मोठं हॉस्पिटल असलं तरी झालेलं नुकसान भरून निघत नाही.

उदाहरण देते. डायाफ्रामॅटिक हर्निया म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याला भोक असतं, आतडी छातीत चढतात आणि फुप्फुसाला वाढायला जागाच राहत नाही. असं बाळ जन्मलं, रडलं नाही, की लेबर रूममधला कोणीही सवयीने मास्क लावून अंबू बॅग दाबणार, कारण एरवी तेच बरोबर असतं. इथे मात्र ती हवा छातीत बसलेल्या आतड्यांत जाते, ती फुगतात आणि उरलंसुरलं फुप्फुसही दाबलं जातं. या बाळाला थेट श्वासनलिकेत नळी टाकावी लागते आणि पोटात दुसरी नळी टाकून हवा काढत राहावं लागतं. ऑपरेशन त्याच दिवशी नसतं, आधी फुप्फुस स्थिर करतात मग करतात. म्हणजे सुरुवातीला तिथे सर्जनपेक्षा जास्त गरज असते ती नळी टाकू शकणाऱ्या हाताची आणि चांगल्या व्हेंटिलेटरची.

हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असेल तर बाळ पहिले काही तास बरं दिसतं, मग जन्माआधीची जी वाट उघडी असते ती बंद व्हायला लागते आणि बाळ निळं पडतं. ती वाट उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिनचं ड्रिप लागतं आणि ते प्रत्येक गावात मिळत नाही. आतडी पोटाबाहेर आलेली असतील तर जन्मल्या जन्मल्या ती स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत झाकून बाळाला गरम ठेवायचं असतं, कापसाने पुसायची किंवा आत ढकलायची नसतात.

म्हणून असं काही असेल तर माहेरपण करा की, ओटीभरण डोहाळजेवण सगळं करा, पण राहायला आईलाच पुण्यात बोलवा. बाळाला सुखरूप हलवण्याचं सगळ्यात चांगलं साधन आईचं पोटच आहे. आणि हॉस्पिटल ठरवताना नावापेक्षा हे विचारा: बाळाचे डॉक्टर डिलिव्हरीच्या वेळी खोलीत असतील का, रात्री तीन वाजता पण असतील का, व्हेंटिलेटर त्याच इमारतीत आहे का, बालशल्यविशारद किंवा बालहृदयरोगतज्ज्ञ इथेच आहेत की बोलवावे लागतात, आणि बेड नसेल तर कुठे पाठवता. याची उत्तरं न चिडता देणारं हॉस्पिटल मी निवडेन.

ओठ-टाळू, वाकडं पाऊल, एका किडनीला थोडी सूज, अशांना बहुतेक वेळा एवढी धावपळ लागत नाही, अकलूजला डिलिव्हरी करून नंतर निवांत दाखवता येतं. पण हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकून मगच ठरवा.

५. २४ आठवडे होऊन गेले आणि आता गंभीर दोष कळला. काहीच करता येत नाही का?

येतं. २०२१ च्या सुधारित कायद्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, २० ते २४ मध्ये ठरावीक कारणांसाठी दोघांचं, आणि बाळात गंभीर दोष असेल तर २४ च्या पुढेही मुभा आहे, पण तिथे मेडिकल बोर्डाची परवानगी हवी. अर्ज आल्यापासून ३ दिवसांत बोर्डाने मत द्यायचं असतं. सगळे रिपोर्ट आणि स्कॅनच्या मूळ प्रती घेऊन आधी तुमच्या डॉक्टरांकडून सरकारी मेडिकल कॉलेजला, म्हणजे पुण्यात ससूनला, चौकशी करा. "मुदत गेली" एवढंच ऐकून गल्लीतल्या कोणाकडून गोळ्या घेऊ नका. आणि ठेवायचं ठरवलंत तरी तो तुमचा निर्णय आहे, त्यासाठी कोणाला स्पष्टीकरण द्यायची गरज नाही.

६. मला ल्युपस आहे, सध्या एकदम कंट्रोलमध्ये. बाळाला होईल का?

तो आजार जसाच्या तसा सहसा होत नाही, पण तुमच्या रक्तातल्या अँटिबॉडी वारेतून बाळात जातात. त्यात अँटी-रो नावाची अँटिबॉडी बघायची असते. ती पॉझिटिव्ह असलेल्या शंभर जणींपैकी साधारण १ ते २ जणींच्या बाळाला हार्ट ब्लॉक होतो, म्हणजे ठोके फार हळू पडतात. आधीच्या बाळाला झाला असेल तर पुढच्या वेळी शक्यता बरीच वाढते, शंभरात १६ ते १८ पर्यंत, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन (ल्युपसची नेहमीची गोळी) चालू ठेवलं तर ती जवळपास निम्म्यावर येते. म्हणून दिवस गेले की घाबरून ती गोळी स्वतःहून बंद करू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगते कारण मेडिकलवाल्याने किंवा मावशीने सांगितलं म्हणून बंद करणाऱ्या खूप भेटतात. ठोक्यांवर लक्ष मुख्यतः १६ ते २६ आठवड्यांत ठेवतात. बाळाच्या अंगावर लाल चट्टे आले तर ते आईच्या अँटिबॉडी संपल्या की ६ ते ८ महिन्यांत जातात, पण पूर्ण हार्ट ब्लॉक कायमचा असतो आणि बऱ्याच मुलांना पुढे पेसमेकर लागतो.

हे फक्त ल्युपसवाल्यांसाठी नाही. काही आयांना स्वतःला काहीच त्रास नसतो, नुसते डोळे कोरडे पडतात, आणि बाळाचे ठोके ६० लागले तेव्हा पहिल्यांदा अँटी-रोची टेस्ट होते.

७. माझा थायरॉईड ग्रेव्हज् डिसीजमुळे ऑपरेशन करून काढलाय, गोळीवर रिपोर्ट नॉर्मल. मग बाळाचं कशाला तपासायचं?

कारण ग्रेव्हज् मध्ये थायरॉईडला जास्त काम करायला लावणाऱ्या अँटिबॉडी असतात, ग्रंथी गेली तरी त्या राहू शकतात, आणि त्या बाळाच्या थायरॉईडला चाबूक मारल्यासारखं पळवतात. तुमचे रिपोर्ट गोळीमुळे नॉर्मल दिसतात, बाळाला गोळी नाही. टीआरएबी ही याच अँटिबॉडीची टेस्ट गरोदरपणात करून घ्या आणि ती जास्त असेल तर बाळाच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. आई ग्रेव्हज् च्या गोळ्यांवर असेल तर बाळाला त्रास पहिल्या दिवशी न दिसता आठवडा-दहा दिवसांनी दिसू शकतो, घरी गेल्यावर, वजन वाढत नाही, छाती धडधडते, सारखं किरकिरतं.

असंच मायस्थेनियाचं, म्हणजे स्नायू दमण्याचा आजार. अशा आईच्या दहा बाळांत एखाद-दुसरं पहिल्या काही दिवसांत ढिलं पडतं, दूध ओढत नाही, काही आठवड्यांत पूर्ण बरं होतं. पण आईसाठी एक गोष्ट फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा: बीपी वाढलं की देतात ते मॅग्नेशियमचं इंजेक्शन तिला धोक्याचं आहे.

८. माझा ब्लड ग्रुप आरएच निगेटिव्ह आहे, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. आणि "बॉम्बे ब्लड ग्रुप" काय भानगड आहे?

निगेटिव्हचं सोपं आहे. सुरुवातीला आयसीटी (आईच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी आहेत का ती तपासणी), ती निगेटिव्ह असेल तर २८ आठवड्यांना अँटी-डी (त्या अँटिबॉडी तयार होऊ न देणारं इंजेक्शन), आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर डिलिव्हरीनंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. गर्भपात झाला असेल तरी तेव्हा द्यायला हवं होतं का ते विचारा, तिथेच बऱ्याच जणींचं राहून जातं. आयसीटी पॉझिटिव्ह आलीच तर बाळाच्या मेंदूतल्या रक्तप्रवाहाचा डॉपलर करून रक्त कमी होतंय का बघतात आणि लागलं तर पोटातच रक्त देतात.

बॉम्बे ग्रुप ही खरी दुर्मिळ गोष्ट. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधला म्हणून हे नाव, भारतात साधारण दहा हजारांत एक. साध्या तपासणीत तो "ओ" दिसतो, पण या माणसाला ओ रक्त चढवलं तर जीव जाऊ शकतो, त्याला फक्त बॉम्बे ग्रुपचंच चालतं. म्हणून तुम्ही ओ असाल आणि क्रॉसमॅच सारखा जुळत नसेल तर अँटी-एच लावून आणि रिव्हर्स ग्रुपिंग करून बघायला सांगा. बॉम्बे निघालाच तर डिलिव्हरीच्या दोन महिने आधी ब्लड बँकेला कळवा, सख्ख्या भावंडांचे ग्रुप तपासा, हिमोग्लोबिन वाढवून ठेवा.

९. गरोदरपणात खाज, धाप, उलट्या हे तर सगळ्यांनाच होतं. कधी घाबरायचं?

रात्री तळहात आणि तळपायांना खाज सुटते, पुरळ काही नाही, नुसते ओरखडे, तर बाईल अ‍ॅसिड आणि लिव्हरची टेस्ट त्याच आठवड्यात करा. बाईल अ‍ॅसिड १०० च्या वर गेलं तर बाळ पोटात दगावण्याचा धोका खरा असतो आणि डिलिव्हरी लवकर करतात. कॅलमाइन लावून थांबू नका.

शेवटचा महिना ते बाळंतपणानंतर ५ महिने या काळात आडवं झालं की धाप लागते, दोन-तीन उशा लागतात, पायाला सूज, रात्री खोकला, तर टू-डी इको करायला सांगा. हृदयाचा स्नायू अचानक कमजोर होण्याचा एक आजार याच काळात होतो. बाळंतिणीची धाप "अशक्तपणा आलाय, डिंकाचे लाडू खा" म्हणून आठवडाभर घरात राहते, हे मला फार खुपतं. तिला बसवून विचारा, आडवं झोपता येतंय का?

आठव्या-नवव्या महिन्यात नव्याने उलट्या सुरू झाल्या, वरच्या पोटात दुखतंय, लघवी गडद, डोळे पिवळे, तर त्याच रात्री हॉस्पिटल. लिव्हरमध्ये अचानक चरबी साठण्याचा दुर्मिळ आजार असू शकतो आणि त्यावर उपाय डिलिव्हरी हाच. अशा आईच्या बाळाची फॅटी अ‍ॅसिडची तपासणीही करून घ्या, कारण कधी मूळ दोष बाळाच्या जनुकात असतो.

१०. एरंडवण्यात राहतो, २०२४ ला इथे झिका होता. आता दिवस गेलेत, काळजी करू का?

जुन्या साथीची नाही, आत्ताच्या डासांची करा. झिका पसरवणारा एडिस दिवसा चावतो आणि कुंडीखालच्या ताटलीत, कूलरमध्ये, बांधकामावरच्या साठलेल्या पाण्यात वाढतो. पुणे जिल्ह्याला तो नवा नाही, राज्यातला पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरला सापडला होता. बहुतेकांना लक्षणं नसतात किंवा थोडा ताप, पुरळ, लाल डोळे एवढंच. गरोदर असताना ताप-पुरळ आलं तर पहिल्या आठवड्यातच रक्त आणि लघवी तपासा, नंतर व्हायरस सापडणं कठीण होतं. तो शरीरसंबंधातूनही पसरतो, त्यामुळे नवऱ्याला झाला असेल तर गरोदरपणभर कंडोम. पॉझिटिव्ह आलात तरी बहुतेक बाळं ठीक जन्मतात, फक्त डोक्याच्या वाढीसाठी दर ३-४ आठवड्यांनी स्कॅन होतो.

११. मामाच्या मुलीशी लग्न झालंय. बाळाला काहीतरी होणारच का?

होणारच असं नाही, बहुतेक अशा जोडप्यांची मुलं निरोगी असतात. पण दोघांत एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते आणि तसं असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका. घरात आधी एखादं मूल कारण न कळता गेलं असेल तर ते जेनेटिक्सवाल्यांना नक्की सांगा, आत्याचं, काकांचं, कोणाचंही. नात्यात लग्न नसलेल्यांनी पण एचबीए२ ही थॅलेसेमियाची टेस्ट करावी, सिंधी, लोहाणा, पंजाबी घरांत तर नक्कीच. ३.५ टक्क्यांच्या वर आली तर नवऱ्याची लगेच, "पुढच्या महिन्यात" नाही, कारण सीव्हीएसची वेळ निघून जाते (प्रश्न ३).

१२. बाळ छान दिसतंय, रडतंय, पितंय. टाचेतून रक्त काढून टेस्ट कशाला?

जन्मजात थायरॉईड कमी असलेलं बाळ छानच दिसतं, आणि लक्षात येईपर्यंत मेंदूचं नुकसान होऊन जातं. गोळी स्वस्त, पण पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवी. सीएएच नावाच्या, किडनीवरच्या ग्रंथींच्या आजारात मुलगा बाहेरून नॉर्मल दिसतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या होऊन एकदम कोलमडतो, सोडियम खाली, पोटॅशियम वर. रक्त साधारण ४८ ते ७२ तासांत घेतात. सोबत ऑक्सिजनचं मशीन उजव्या हाताला आणि एका पायाला लावून बघायला सांगा, २४ तासांनंतर. ९५ किंवा वर आणि दोन्हींत ३ पेक्षा जास्त फरक नको. दोन मिनिटांचं काम, दुखत नाही, हृदयाचे मोठे दोष सापडतात.

आपल्याकडची एक गोष्ट मात्र हमखास विसरली जाते. जी६पीडी (लाल रक्तपेशींना जपणारं एक एन्झाइम) कमी असलेल्या बाळाला डांबर गोळ्यांचा वास चालत नाही, रक्त फुटून कावीळ भडकते. आजी प्रेमाने पेटीतून जुनं मऊ लुगडं काढते, त्याला वर्षानुवर्षांचा तो वास असतो, आणि त्यातच बाळ गुंडाळतात. धुऊन, दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकून मगच वापरा, आणि रिपोर्ट यायचा असेल तर वापरूच नका.

१३. घरी आल्यावर कोणत्या गोष्टीला थांबायचंच नाही?

हिरवी उलटी, म्हणजे आतड्याला पीळ असू शकतो, तासाभरात सर्जन. पहिल्या २४ तासांत कावीळ. दोन आठवड्यांनंतरही कावीळ आणि शी पांढुरकी, खडूसारखी, तर पित्तनलिका बंद असू शकते आणि ते ऑपरेशन ६० दिवसांच्या आत झालं तर चांगलं, त्यामुळे "कोवळं ऊन दाखवा" मध्ये महिना घालवू नका, शीचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. जन्मल्यापासून तोंडातून सारखा फेस येतोय तर दूध, पाणी, मध, सोनं उगाळून, काहीही चाटवू नका, अन्ननलिका जुळलेली नसेल तर ते फुप्फुसात जातं. मध तर वर्षाच्या आत कोणत्याच बाळाला नको.

१४. बाळ एनआयसीयूत आहे, टाळू फाटलेली आहे. आईचं दूध द्यायचं की बंद?

द्यायचं. पहिल्या काही तासांपासून दर दोन-तीन तासांनी हाताने पिळून काढा, सुरुवातीचे चार थेंब पण आम्ही कापसाने बाळाच्या गालाला आतून लावतो. टाळू फाटलेली असेल तर बाळाला ओढता येत नाही, गिळता येतं, म्हणून उभं धरून वाटी-चमच्याने किंवा खास बाटलीने. पुण्यात ससूनला दूधपेढी आहे. नाहीच द्यायचं असा खरा अपवाद म्हणजे गॅलॅक्टोसेमिया (दुधातली साखर बाळाच्या शरीराला वापरता येत नाही असा जन्मजात आजार), त्यात आईचं दूधच विष ठरतं आणि सोयाचं दूध लागतं. आईची कॅन्सरची केमो चालू असेल तरीही द्यायचं नाही. साधी कावीळ, आईचा थायरॉईड, फिटच्या बहुतेक गोळ्या, यांसाठी बंद करायला कोणी सांगितलं तर दुसरं मत घ्या.

१५. खर्च झेपणार नाही. कुठे जाऊ?

सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचे उपचार एक वर्षापर्यंत मोफत आहेत. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण तो आजार यादीत आहे का आणि हॉस्पिटल योजनेत आहे का हे भरतीआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. जन्मजात हृदयरोग, टाळू, पाऊल यांसाठी आरबीएसके ही मुलांच्या तपासणी-उपचारांची सरकारी योजना. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांत १० टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवायच्याच असतात, रेशन कार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. काउंटरवर "बेड नाही" म्हणाले तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा आणि तिथे लेखी मागा. फारच दुर्मिळ आनुवंशिक आजार असेल तर २०२१ च्या केंद्राच्या धोरणात ५० लाखांपर्यंत मदत आहे, त्याचं केंद्र आपल्यासाठी परळचं केईएम. पुण्याचं रास्ता पेठेतलं केईएम वेगळं, गोंधळ करू नका.

१६. आमचं बाळ गेलं. पुढच्या वेळी पुन्हा होईल का?

ते कशामुळे गेलं त्यावर आहे. पाठीच्या मणक्याचा दोष असेल तर पुन्हा होण्याची शक्यता शंभरात ३ ते ५, आणि फॉलिक अ‍ॅसिडचा मोठा डोस, आपल्याकडे ५ मिलिग्रॅमची गोळी, दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून घेतली तर ती बरीच खाली येते. हृदयाचा एकटा दोष असेल तर २-३. दोघांकडून आलेलं जनुक असेल तर २५. आकड्यांत एवढा फरक आहे म्हणून निदान हवं, आणि बाळ गेल्यावर त्या अवस्थेत कोणाला काही सुचत नाही हे मला माहितीये, तरी सोबतच्या एखाद्या माणसाने, भावाने, दिराने, डॉक्टरांना एवढं विचारावं: बाळाचं थोडं रक्त डीएनएसाठी राखून ठेवाल का, पूर्ण एक्स-रे आणि फोटो काढाल का, शवविच्छेदन नको असेल तर एमआरआय होईल का. बाळ नेल्यावर हे काहीच करता येत नाही. डिस्चार्ज कार्ड, स्कॅनच्या फिल्म, सगळं एका फाईलमध्ये ठेवा, कोणी "वाईट आठवण आहे, टाकून द्या" म्हणालं तरी टाकू नका. आणि पुढचा चान्स घ्यायच्या आधी दोघांनी मिळून ती फाईल घेऊन जेनेटिक्सच्या ओपीडीत जा, दिवस राहिल्यावर नाही, आधी.